पाणी वीतभर, वेग चाळीस

पाणी उथळ असलं की होडी हळू चालवावी, असं कुणीही सांगेल. अ‍ॅल्युमिनियमची जेट बोट चालवणारा नेमकं उलट करतो. समोर गोट्यांवरून खळाळणारं वीतभर पाणी दिसलं, तरी त्याचा थ्रॉटलवरचा हात सैल पडत नाही. काठावरून बघणाऱ्याला हा माज वाटतो. थोडा असेलही, पण बराचसा भाग भौतिकशास्त्राचा आहे आणि त्याला वर्गमुळाच्या पलीकडचं फारसं गणित लागत नाही.

आधी यंत्र थोडक्यात. या होडीच्या तळाखाली पंखा नसतो, सुकाणूही नसतं. तळाच्या जाळीतून पंप पाणी ओढतो आणि मागच्या नोझलमधून ते जोरात फेकतो. हा झोत मागच्या पाण्याला ढकलतो म्हणून होडी पुढे जाते, हा गैरसमज फार पसरलेला आहे. झोत चक्क हवेत सोडला तरी चालतं, कारण पाण्याला मागे फेकतानाच त्याची प्रतिक्रिया होडीवर होते. न्यूझीलंडचे शेतकरी आणि इंजिनिअर बिल हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात नोझल पाण्याच्या पातळीच्या वर आणलं. तळाखाली लोंबणारं काही उरलं नाही आणि वेगही वाढला. त्यांच्या भागातल्या नद्या गोट्यांच्या रुंद पात्रात अनेक उथळ धारांनी वाहतात. तिथे साध्या होडीचा पंखा दगडावर आपटून मोडायचा.

पण नुसता पंखा काढल्याने ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाचं कोडं सुटत नाही. खरी गंमत लाटांत आहे.

होडी पाणी बाजूला सारते, म्हणजे लाटा तयार करते. लाटेचा माथा पुढे सरकायचा तर त्याच्या पुढ्यात पाणी जमा व्हावं लागतं आणि ते खालच्या थरातून आडवं वाहत येतं. थर जितका पातळ, तितका हा पुरवठा मंद. म्हणून उथळ पाण्यात लाटेच्या वेगाला एक कमाल मर्यादा असते : गुरुत्वत्वरणाला खोलीने गुणा आणि वर्गमूळ काढा. खोली १ मीटर असेल तर सेकंदाला ३.१ मीटर, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. खोली ३० सेंटिमीटर असेल तर ताशी जेमतेम ६ किलोमीटर. (४००० मीटर खोल समुद्रात हेच सूत्र ताशी ७०० किलोमीटर देतं. त्सुनामी विमानाच्या वेगाने धावते ती यामुळेच.)

आता होडीचा वेग हळूहळू वाढवू. मर्यादेच्या बराच खाली असताना लाटा होडीच्या पुढे निघून जातात. मर्यादेजवळ आलो की त्यांना पळायला जागा उरत नाही. पाणी नाकापुढे साचतं आणि होडी स्वतःच उभ्या केलेल्या टेकडीवर चढू लागते. विरोध एकदम वाढतो, मागची बाजू खाली बसते. अडकायचंच असेल तर याहून सोयीचा वेग नाही. पण पुरेशी ताकद लावून मर्यादा ओलांडली, की टेकडी मागे पडते. पुढच्या पाण्याला होडीची चाहूलही लागत नाही. मागे उरतो तो तिरप्या लाटांचा भाला, स्वनातीत विमानामागच्या शंकूसारखा. त्याच्या अर्ध्या कोनाची ज्या (साइन) म्हणजे लाटेचा वेग भागिले होडीचा वेग. ३० सेंटिमीटर पाण्यात ताशी ४० किलोमीटरला हा अर्धा कोन ९ अंशांच्या आसपास येतो. पाण्यात मागे सुटलेल्या लाटांचा कोन मोजला, तर खोलीचा अंदाज बांधता येतो!

याच वेगात दुसरी गोष्ट घडते. होडीचं वजन आता मुख्यतः उत्प्लावक बलावर नसतं. तिरपा तळ पाणी खाली दाबतो आणि पाणी त्याला वर उचलतं. उभी असताना फूटभर बुडणारी होडी धावताना काही सेंटिमीटरच पाण्यात असते. ‘दवावरही चालते’ अशी जाहिरात मात्र जाहिरातच समजावी. पंपाला पाणी लागतंच, हवा शिरली की झोत लुळा पडतो.

मधल्या वेगात मागची बाजू बसते, त्यावरून ‘नदी होडीला खाली ओढते’ असं म्हटलं जातं. ओढ खरी आहे, नदीचा कोप मात्र नाही. तळ आणि नदीपात्र यांच्या फटीतून पाणी जोरात धावतं, तिथला दाब घटतो, होडी खाली बसते. १९९२ मध्ये ‘क्वीन एलिझाबेथ २’ हे अवाढव्य जहाज अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळ खडकाला घासलं. नकाशात नसलेल्या खडकाबरोबर ही ओढही त्याला कारण ठरली.

अ‍ॅल्युमिनियम का? ते पोलादाच्या जवळपास एक-तृतीयांश वजनाचं असतं, त्यामुळे टेकडी ओलांडायला कमी ताकद पुरते. शिवाय दगडावर आदळल्यावर फायबरग्लास तडकतं, तर मॅग्नेशियम मिसळलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बहुधा पोचा येऊन सुटतो. दगडांवरून सहज घसरावं म्हणून तळाला कठीण प्लास्टिकचा जाड पत्राही ठोकतात.

नवशिका घात करून घेतो तो घाबरून थ्रॉटल सोडल्यावर. या होडीला वळवतो तो झोतच. झोत थांबला की दिशाही हातातून गेली. त्याच क्षणी होडी खाली बसते, तीही नेमकी उथळ जागी. तिथे थांबून पुन्हा जोर लावला तर पंप पाण्याबरोबर खडेही गिळतो.

एडमंड हिलरी १९७७ मध्ये अशाच जेट बोटी घेऊन गंगासागरहून गंगेतून वर निघाले होते. हिमालयातल्या खळाळांतून त्या वर चढल्या आणि नंदप्रयागजवळ थांबल्या. तिथे अडचण उथळ पाण्याची नव्हती. समोर धबधबा होता.