घरी बनवलेल्या गाडीचं चेंबर खाली का लागतं? मागचा इतिहास

कोल्हापूरच्या उद्यमनगरात नाहीतर शिरोलीला, म्हणजे कारखान्यांच्या भागात, कुणी स्वतःची गाडी बनवायला घेतली की चर्चा सुरू होते इंजिन कुठलं टाकायचं इथून, आणि ते बसल्यावर खाली जागा किती राहते हे कुणी विचारतच नाही. खरं तर आधी तेच विचारायला पाहिजे. किट कार, म्हणजे सुटे पार्ट घेऊन घरी जोडायची गाडी, जन्माला आली तेव्हापासून हे भांडण आहे, कारण इंजिन दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीसाठी बनलेलं असतं. सेडानला उंची असते, तिथं चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी, खोल असलं तरी खपून जातं, पण तेच इंजिन कमरेएवढ्या गाडीत बसवलं की चेंबर चासीच्या खाली लोंबायला लागतं.

हा नाद मोठ्या प्रमाणावर वाढला तो इंग्लंडात. कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीनं १९५७ ला सेव्हन काढली. तिथं तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, सुटे पार्ट घेऊन स्वतः जोडली तर नव्हता, मग लोक पार्ट घरी आणून गॅरेजमध्ये गाडी जोडायचे. सुरवातीच्या गाड्यांत इंजिन साध्या फोर्डचं, ११७२ सीसी, साइड व्हॉल्व्ह. पुढं उंच ओव्हरहेड व्हॉल्व्हवाली इंजिनं आली आणि चेंबर कापून उथळ करणं हा त्या कामाचा भागच होऊन बसला. १९७३ ला तिकडं व्हॅट आला, टॅक्सचा फायदा गेला, त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडं गेले आणि गाडी अजून बनतीय.

त्याच्या बरोबर उलटं काम अमेरिकेत झालं आणि मला ते जास्त शहाणपणाचं वाटतं. ब्रूस मेयर्सनं १९६४ ला कॅलिफोर्नियात वाळूत पळवायला मेयर्स मँक्स बनवली, फायबरची बॉडी आणि इंजिन फोक्सवॅगन बीटलचं. हे इंजिन एअर कूल्ड, सिलिंडर आडवे, बसतं मागच्या ॲक्सलच्याही मागं, त्यामुळं दोन्ही चाकांच्या मधे खोल चेंबर लोंबायचा विषयच नाही. १९६७ मध्ये मेयर्स आणि टेड मँगल्सनी मेक्सिकोतल्या बाहाचा ला पाझ ते तिहुआना हा खडबडीत पट्टा ३४ तास ४५ मिनिटांत पार केला. वाट कुठली हे आधी ठरलं, इंजिन त्या वाटेला शोभणारं निघालं.

आपल्याकडं १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढं तिची ७९६ सीसीची इंजिनं भंगारात स्वस्तात मिळायला लागली. पण हे इंजिन गाडीच्या रुंदीत आडवं बसतं, गिअरबॉक्स चिकटलेला, ओढ पुढच्या चाकांना, म्हणून बनवणारे बऱ्याचदा अख्खा संचच उचलून सीटच्या मागं टाकतात. मारुतीच्याच ओम्नी व्हॅनचं बरं, इंजिन गाडीच्या लांबीत उभं आणि प्रोपेलर शाफ्टनं मागची चाकं फिरतात, त्यामुळं सेव्हनसारखी लांब बॉनेटची गाडी करायची असेल तर तेच सोयीचं, फक्त तिथं चेंबर परत चासीच्या खाली डोकावतं.

आता चेंबर कापणं म्हणजे नुसता ग्राइंडर लावून पत्रा उडवणं नाही. खोली जेवढी कमी कराल तेवढी रुंदी बाजूनं वाढवावी लागते, नाहीतर तेल कमी बसतं. आत आडवे पत्रे मारावे लागतात, ते नसले तर जोरात वळण घेतलं की तेल एका कडेला पळतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंगची वाट लागते. स्ट्रेनरचा, म्हणजे पंपाला तेल ओढून देणाऱ्या जाळीचा, पाइपही तेवढाच आखूड करायचा आणि तळापासून थोडं अंतर ठेवायचं. एवढं करून इंजिन अजून खाली घेऊ म्हणाल तर फ्लायव्हीलचं हाउसिंग आडवं येतं, ते काय कापता येत नाही. वर उचललं तर बॉनेट बसत नाही, वजन वर जातं आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, दोन्ही टोकांच्या क्रॉसचे, म्हणजे वळणाऱ्या सांध्यांचे, कोन जुळले नाहीत की गाडी थरथरते. म्हणून इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशनचे ब्रॅकेट पक्के वेल्ड करण्याआधी माणूस सीटवर बसवून, टाकी भरून, स्प्रिंग दाबलेल्या असताना मोजावं, रिकाम्या गाडीचं माप काही कामाचं नाही.

त्यात आपले स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं तो १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद गोलाकार पाहिजे, पण गावोगावचे बघितले तर माप कुणी वाचलंय असं वाटत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जितकं लांब तितकं पोट लवकर टेकतं, आणि चेंबर असतं नेमकं मधे.

कोल्हापुरात हे काम जमण्यासारखं आहे याला कारण आहे. ऊस, गुऱ्हाळं, विहिरीवरचे पंप यांच्या जीवावर इथं ऑइल इंजिनं बनली, मग फाउंड्र्या वाढल्या, आणि आज मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्यांचं कास्टिंग शिरोली-गोकुळ शिरगावातनं जातं. लाकडी पॅटर्न करून ॲल्युमिनियमचं उथळ चेंबर ओतून घेणं इथं जेवढं सोपं तेवढं फार थोड्या शहरांत असेल.

अडतं ते पासिंगला, म्हणजे आरटीओत गाडी रस्त्यासाठी मंजूर करून घ्यायला. २०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या एका कारागिरानं भंगारातनं बनवलेली किकवर सुरू होणारी जीप देशभर गाजली, आनंद महिंद्रांनी कौतुक करतानाच ती नियमात बसत नाही हेही लिहिलं आणि बदल्यात बोलेरो दिली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून हटून बदललेली गाडी चालणार नाही. नवीन मॉडेल पास करायचं तर पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडनं चाचण्या, आणि तो खर्च एका गाडीसाठी कुणाला परवडणार? त्यामुळं अशी गाडी पळते ती खाजगी जागेत, ट्रॅकवर नाहीतर २००७ पासून चालू असलेल्या बाहा एसएई इंडियासारख्या कॉलेजच्या स्पर्धांत. तिथं पोरं आधी चाकाचा साइज आणि सस्पेन्शन ठरवतात आणि इंजिनाची उंची त्यावरनं काढतात.