लाखातून मूठभर निवडलेला कोई

जपानच्या निइगाता प्रांतातला यामाकोशी हा डोंगराळ भाग. हिवाळ्यात इथे प्रचंड बर्फ पडतो, पूर्वी तर वाटाच बंद व्हायच्या. त्या दिवसांची बेगमी म्हणून शेतकरी भातखाचरांच्या तळ्यांत काळसर कार्प मासे पाळत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांत अधूनमधून लाल-पांढरे मासे निघू लागले. शेतकऱ्यांनी ते खाल्ले नाहीत, पैदाशीसाठी राखले. त्यातूनच कोई हा शोभेचा रंगीत मासा घडला. १९१४च्या टोकियोतल्या प्रदर्शनानंतर त्याची कीर्ती डोंगराबाहेर पसरली.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की दोनशे वर्षांनंतरही हे रूप वाणात पक्कं झालेलं नाही. पांढऱ्या अंगावर लाल पट्टे असलेल्या उत्तम ‘कोहाकू’ जोडीचीही बहुतेक पिल्लं सामान्यच निघतात, कारण पट्ट्यांची मांडणी एखाद्या जनुकाच्या हातात नसते.

मादी वजनाच्या दर किलोमागे साधारण लाखभर अंडी घालते. पाणी २० अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की नर तिला ढुसण्या देत मागे लागतात. चिकट अंडी पाणवनस्पतींना किंवा मुद्दाम सोडलेल्या धाग्यांच्या झुपक्यांना चिकटतात. मग आईबापांना लगेच बाजूला काढावं लागतं, नाहीतर तेच अंडी फस्त करतात. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि खरी कसोटी सुरू होते. उन्हाळाभर पुन्हा पुन्हा जाळं ओढून एकेक पिल्लू नजरेखालून घालायचं. लाखातून मूठभर उरतात. ही निवड थांबली, तर काही पिढ्यांत तळं पुन्हा काळसर माशांनी भरेल.

२३ ऑक्टोबर २००४ला यामाकोशीत भूकंप झाला, रस्ते तुटले, तळी फुटली. तेव्हा वाचलेले मासे हेलिकॉप्टरने बाहेर काढले गेले. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली पैदाशीची जोडी गेली, तर तशी बाजारात मिळत नाही.

रंगाचा दुसरा भाग खाण्यातला. मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य मासा स्वतः तयार करतो, पण कॅरोटिनॉइड्स ही लाल रंगाची द्रव्यं त्याला बनवता येत नाहीत. ती शेवाळातून, बारीक जलचरांतून मिळतात. म्हणूनच तयार खाद्यात स्पिरुलिना नावाचं सूक्ष्म शेवाळ घालतात.

आपल्याकडे बोटाएवढे कोई काचेच्या टाकीसाठी विकले जातात, हे मला अजिबात पटत नाही. हा मासा ६० सेंटीमीटरहून मोठा होतो आणि नीट ठेवला तर २५-३० वर्षं जगतो. त्याला तळंच हवं. कल्ल्यांतून तो सतत अमोनिया सोडतो. फिल्टरमधले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. हे जीवाणू वसायला काही आठवडे लागतात, म्हणून नव्या तळ्यात एकदम खूप मासे सोडू नयेत. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवावं. कोईला जठर नसतं, तेव्हा खाणं थोडं थोडं, दिवसातून अनेकदा द्यावं. आपल्या एप्रिल-मेमध्ये तर अधिकच जपायला हवं: तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि अमोनिया जास्त बाधतो. तळ्यावर सावली करावी, हवेचा पंप रात्रीही चालू ठेवावा.