ताप मोजणाऱ्या कॅमेऱ्याला न दिसणारे

कुठे साथ आल्याची बातमी झळकली, की लगेच मागणी सुरू होते : विमानतळावर सगळ्यांना तपासा, आजारी माणसाला आत घेऊच नका. २००३ मध्ये सार्सच्या साथीत कॅनडाने नेमकं हेच केलं. सुमारे ६५ लाख प्रवासी तपासले, नऊ हजारांच्या आसपास लोकांना बाजूला काढलं. त्यांत सार्सचा रुग्ण एकही निघाला नाही.

थर्मल कॅमेरा ताप मोजतच नाही. तो अवरक्त किरण टिपून कातडीचं तापमान सांगतो. उन्हातून धावत आलेला धडधाकट माणूस त्यात अडकू शकतो आणि पॅरासिटामॉल घेतलेला तापकरी निर्धास्त निघून जातो. (हे यंत्र ‘विषाणू ओळखतं’ अशी जाहिरात दिसली तर खुशाल हसा.) पण कॅमेरा उद्या बिनचूक झाला, तरी खरी गोची कायमच राहते.

जंतू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ म्हणजे अधिशयन काळ. फ्लूमध्ये तो एक ते चार दिवसांचा, इबोलात दोन ते एकवीस. आता समजा, एका रोगात तो सहा दिवसांचा आहे आणि लागण झालेल्यांची संख्या दर तीन दिवसांनी दुप्पट होतेय. आजवर ८०० जणांना लागण झाली असेल, तर तीन दिवसांपूर्वी ती ४०० जणांना झालेली होती आणि सहा दिवसांपूर्वी २००. म्हणजे लक्षणं दिसणार फार तर त्या २०० जणांत. उरलेले ६०० ठणठणीत! त्यांना स्वतःलाही पत्ता नसतो. दुप्पट व्हायला तीनऐवजी दोनच दिवस लागले, तर ८०० पैकी ७०० जण असे निघतात. साथ ओसरताना चित्र उलटतं, कारण तेव्हा नव्याने लागण झालेले कमी असतात. म्हणजे साथ जितकी भडकलेली, तितकी तपासणी आंधळी. त्यात तापाने फणफणलेला माणूस विमान पकडायला सहसा जातच नाही.

२०१४ मध्ये लायबेरियातून अमेरिकेला गेलेल्या एका प्रवाशाला निघताना ताप नव्हता. पोचल्यावर चार दिवसांनी तो इबोलाने आजारी पडला.

१३७७ मध्ये रागुसाने, म्हणजे आजच्या दुब्रोव्निकने, प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर थांबवायचं ठरवलं. जंतूंची कल्पना नसतानाही त्यांनी दिवस मोजले, हे मला फार आवडतं. आज कुणाला महिनाभर अडवणं परवडणार नाही. पीतज्वराच्या बाबतीत मात्र लशीचा दाखला मागतात, आणि पहिल्यांदा लस घेतली असेल तर तो दहा दिवसांनंतरच ग्राह्य धरतात, कारण शरीरात प्रतिपिंडं तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.