इशाची वेळ आणि न जाणारा शफक: हजार वर्षांपासूनचा वाद

जून महिन्यात ब्रिटनमधल्या एकाच शहरातल्या दोन मशिदींची टाइमटेबलं शेजारी ठेवून बघा. मगरिब (सूर्यास्तानंतरची नमाज) जवळपास तीच, पण इशा (रात्रीची नमाज) एकीची पावणेअकराला आणि दुसरीची मध्यरात्र उलटल्यावर, असंही होतं. लोकांना वाटतं हा सगळा मोबाइल अ‍ॅपचा घोळ. अ‍ॅपने भर घातली हे खरं, पण मूळ भांडण हजार वर्षांपूर्वीचं आणि तेही लंडनचं नाही, व्होल्गा नदीकाठचं.

आधी गणित उरकून घेऊ. मगरिबचं सोपं आहे, सूर्य बुडाला की झाली. इशा मात्र शफक, म्हणजे पश्चिमेचा संधिप्रकाश, गेल्यावर. आता कुठला शफक? तांबडा की त्याच्यानंतर रेंगाळणारा पांढुरका? इमाम अबू हनीफा पांढरा धरतात, इमाम मालिक आणि शाफई तांबडा, आणि गंमत म्हणजे अबू हनीफांचे दोन पट्टशिष्य, अबू यूसुफ आणि मुहम्मद शैबानी, तेही तांबड्याच्याच बाजूचे. आकाश पूर्ण काळं व्हायला सूर्य क्षितिजाखाली साधारण १८ अंश जावा लागतो. रत्नागिरीत जूनमध्ये याला जेमतेम ८० मिनिटं लागतात, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न कुणाला पडायचं कारणच नव्हतं. पण साधारण ४८.५ अंश अक्षांशाच्या वर गेलात की २१ जूनच्या आसपास सूर्य १८ अंश खाली जातच नाही, उत्तरेच्या कडेकडेने सरकतो आणि पुन्हा वर यायला लागतो. मग ज्या नमाजेची वेळच आली नाही ती पढायची की नाही?

९२२ साली बगदादच्या खलिफाच्या वकिलातीबरोबर इब्न फदलान व्होल्गा बुल्गार लोकांच्या राजाकडे गेला, आजच्या रशियातल्या तातारस्तानात. त्याने लिहून ठेवलंय ते भारी आहे. राजाकडे एक बगदादचाच शिंपी कामाला होता, तो आणि इब्न फदलान तंबूत गप्पा मारत इशाच्या अजानची वाट बघत बसले, अजान झाली म्हणून बाहेर आले तर पहाट फुटलेली! मुअज्जिनला, म्हणजे अजान देणाऱ्याला, विचारलं, ही कसली अजान, तर म्हणे फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजेची. आणि इशा? ती आम्ही मगरिबबरोबरच उरकतो. मुअज्जिन पुढे म्हणाला की फजर चुकेल या धास्तीने महिनाभर मी रात्री झोपलेलो नाही, इथे मगरिबला चुलीवर हंडी चढवली तर ती शिजायच्या आत फजर होते. मग इब्न फदलान एक रात्र स्वतः आकाश बघत बसला, त्याला मोजके पंधराएक तारे दिसले, तांबूस उजेड काही गेला नाही आणि बाणाच्या टप्प्यापलीकडचा माणूसही ओळखू येत होता.

ही बुल्गारची रात्र पुढे हनफी फिक्हच्या, म्हणजे अबू हनीफांच्या परंपरेतल्या धर्मशास्त्राच्या, ग्रंथांत ठरलेलं उदाहरण होऊन बसली. मध्य आशियातल्या ख्वारज्मचे विद्वान बक्काली यांनी मत दिलं की वेळ हेच नमाज फर्ज (बंधनकारक) होण्याचं कारण, कारणच नाही तर फर्जही नाही. ज्याचे हात कोपरापासून तुटलेत त्याला वजूत (नमाजेआधी हातपाय धुताना) हात धुवायची सक्ती असते का, तसंच हे. युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा. पण १५ व्या शतकात हनफी पंडित इब्न अल-हुमाम यांनी तो फेटाळला. त्यांचा आधार दज्जालची (कयामतीआधी येणाऱ्या तोतया मसीहाची) हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, ज्यात एक दिवस वर्षाएवढा होईल असं आहे, आणि अशा दिवसात एका दिवसाच्या नमाजा पुरतील का असं विचारल्यावर पैगंबरांनी नाही, अंदाजाने वेळ धरा असं सांगितलं. म्हणजे खूण दिसली नाही तरी नमाज माफ नाही. मला विचाराल तर आजची सगळी टाइमटेबलं या ‘अंदाज’ शब्दावरच उभी आहेत.

त्याच तातारस्तानातल्या काझानच्या तातार मौलवींना तर हे दर उन्हाळ्यात अंगणातच दिसायचं. तिथले शिहाबुद्दीन मर्जानी (१८१८-१८८९) यांनी १८७० मध्ये याच विषयावर आख्खा ग्रंथ छापला, शफक न गेला तरी इशा फर्जच असं ठणकावून.

मग २० व्या शतकात गुजरात, पाकिस्तानातून लोक ब्रिटनला गेले, आपले कोकणी मुसलमानही गेले (ते शाफई, म्हणजे तांबड्या शफकवाले), आणि प्रश्न गिरणीगावांत येऊन ठेपला. ब्लॅकबर्नमध्ये १९८७-८८ साली उलेमांनी (धर्मपंडितांनी) वर्षभर आकाश बघून नोंदी केल्या, तर एकच अंश बाराही महिने लागू पडत नाही असं निघालं. तिथे जूनमध्ये सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास बुडतो, सकाळी पावणेपाचच्या आत उगवतो, रात्र जेमतेम सात तासांची. कुणी त्या रात्रीचे सात भाग करून पहिला संपला की इशा धरतात, म्हणजे पावणेअकरा. कुणी रात्रीचा मध्य धरतात, तर एक वाजून जातो. कुणी जवळच्या अशा गावाची वेळ घेतात जिथे शफक जातो, तर कुणी सरळ बुल्गारच्या मुअज्जिनसारखी मगरिब-इशा एकत्र. सकाळी कामावर जाणाऱ्या माणसासाठी हा अडीच तासांचा फरक झोपेतून जातो, म्हणून भांडण इतकं तिखट.

त्याहून वर, नॉर्वेच्या ट्रॉम्सोमध्ये दोन महिने सूर्यच मावळत नाही, तिथल्या मुसलमानांनी त्या काळात मक्केची वेळ धरली. कॅनडाच्या इनुविकमध्ये २०१० साली विनिपेगहून आख्खी तयार मशीद ट्रक आणि बार्जवरून आणून बसवली, आणि तिथले लोक वेळ धरतात एडमंटनची. पण एडमंटन तरी कुठंय, ५३.५ अंशांवर, जूनमध्ये तिथेही सूर्य १८ अंश खाली जात नाही, म्हणजे इनुविकवाले ज्यांची इशा धरतात त्यांचीही अंदाजाचीच.