आयर्लंडमध्ये लॉबिंगची नोंदणी: कोणाला लागते, काय भरावे लागते

आयर्लंडमध्ये मंत्र्याकडे किंवा नगरसेवकाकडे शब्द टाकायला, म्हणजेच लॉबिंग करायला, बंदी नाही. पण तो कोणी, कोणापाशी आणि कशासाठी टाकला, हे १ सप्टेंबर २०१५ पासून जाहीर नोंदवहीत लिहावे लागते. ही नोंदवही 'लॉबिंग डॉट आयई' या संकेतस्थळावर आहे. ती 'स्टँडर्ड्स इन पब्लिक ऑफिस कमिशन' हा सरकारी पदांवरील आचरणावर लक्ष ठेवणारा आयोग सांभाळतो आणि ती कोणालाही फुकट पाहता येते.

नोंदणी कोणाला लागते? १० पेक्षा जास्त पूर्णवेळ कर्मचारी असलेली कंपनी, पगारी माणूस ठेवून सदस्यांची किंवा एखाद्या प्रश्नाची बाजू मांडणारी संस्था, आणि अशांच्या वतीने पैसे घेऊन बोलणारा सल्लागार. समोर मंत्री, टीडी (तिथले खासदार), सिनेटर, नगरसेवक किंवा वरिष्ठ अधिकारी असला आणि विषय धोरण, कायदा, अनुदान किंवा कंत्राटाचा असला, की नोंदणी आली. स्वतःच्या व्हिसासाठी किंवा पेन्शनसाठी टीडीला भेटलात तर ते लॉबिंग नाही, घाबरू नका.

जमिनीचे मात्र वेगळे आहे. जमिनीचा वापर बदलणे किंवा तिचा विकास, याबद्दल नगरसेवकाशी बोलणारा एकटा माणूसही नोंदणीच्या कक्षेत येतो; त्याच्याकडे एकही कर्मचारी नसला तरी. सूट फक्त राहत्या घरापुरती. हा नियम इतका कडक का, तर डब्लिनमध्ये जमिनींचे झोनिंग (कोणती जमीन कशासाठी वापरायची, याची वर्गवारी) बदलून घेण्यासाठी नगरसेवकांना पैसे चारले गेले होते. महोन न्यायाधिकरणाचा त्यावरचा अंतिम अहवाल २०१२ मध्ये आला. गुंतवणुकीसाठी प्लॉट घेतलेल्या आपल्या मंडळींनी हे नीट लक्षात ठेवावे.

कागदपत्रे फारशी नाहीत आणि शुल्कही नाही. नाव, पत्ता, कामाचे स्वरूप, ईमेल, फोन, आणि असल्यास कंपनी किंवा धर्मादाय नोंदणी क्रमांक, एवढे पुरते. आधी लॉबिंग केले आणि मग नोंदणी केली तरी चालते. वर्षाचे चार-चार महिन्यांचे तीन कालावधी धरतात; फक्त ज्या कालावधीत लॉबिंग केले, तो संपल्यापासून २१ दिवसांच्या आत नोंदणी व्हायला हवी.

विवरणपत्र वर्षातून तीनदा भरायचे: २१ जानेवारी, २१ मे आणि २१ सप्टेंबरपर्यंत. कोणाशी बोललात, विषय कोणता, फोन की बैठक, साधारण किती वेळा आणि तुमच्याकडून मुख्य जबाबदारी कोणाची, हे सगळे त्यात येते. 'काय साध्य करायचे होते' या रकान्यात बरेच जण 'क्षेत्राच्या अडचणी मांडल्या' असे मोघम लिहून मोकळे होतात. तसे करू नका. 'अमुक योजनेतील अनुदानाची मर्यादा वाढवावी' असे स्पष्ट लिहा. वाचणाऱ्या नागरिकाला मागणी कळली नाही तर नोंदीचा काय उपयोग?

एखाद्या चार महिन्यांच्या कालावधीत काहीच लॉबिंग केले नसेल तरी 'निरंक' विवरणपत्र भरावेच लागते. मुदत चुकली तर २०० युरोंची नोटीस येते, ती भरली नाही तर खटला होऊ शकतो.

पद सोडलेले मंत्री, त्यांचे विशेष सल्लागार आणि ठरावीक वरिष्ठ अधिकारी यांना आपल्या जुन्या खात्यात वर्षभर लॉबिंग करता येत नाही. करायचेच असेल तर आयोगाची आगाऊ संमती घ्यावी लागते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा नियम मोडल्यास २५,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो.