पार्श्वभूमी: ‘अर्ली ॲक्सेस’ या शब्दात नेमके काय विकले जाते?

अपुरा गेम पैसे घेऊन विकायची रीत खऱ्या अर्थाने रुजवली ती माइनक्राफ्टने. जून 2009 मध्ये अल्फा, म्हणजे अगदी कच्च्या, अवस्थेतच त्याची विक्री सुरू झाली आणि पूर्ण आवृत्ती आली नोव्हेंबर 2011 मध्ये. मधल्या काळात गेम जसजसा भरत गेला तसतशी किंमत वाढत गेली. जोखीम आधी घेणाऱ्याला स्वस्त, असा तो सरळ व्यवहार होता.

मार्च 2013 मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने अशा अपुऱ्या गेमसाठी ‘अर्ली ॲक्सेस’चा स्वतंत्र विभाग काढला, तेव्हा किमतीबद्दल अशी कुठलीच अट घातली गेली नाही. गेम पूर्ण करण्याचे बंधनही नव्हते. पुढच्या बहुतेक तक्रारींची मुळे याच निर्णयात आहेत, असे मला वाटते. त्याच डिसेंबरात डेझी हा गेम तिथे विक्रीला आला. विकासाला हातभार लावायचा नसेल तर घेऊ नका, असा इशारा त्याच्या पानावरच होता. तरीही महिनाभरात दहा लाख प्रती खपल्या. 1.0, म्हणजे पूर्ण झाल्याचे सांगणारी, आवृत्ती यायला डिसेंबर 2018 उजाडला.

या ‘1.0’ला तरी काही अर्थ आहे का, हा प्रश्न 2014 मध्ये स्पेसबेस डीएफ-9 मुळे ऐरणीवर आला. अवकाशस्थानक उभारण्याच्या या गेमच्या नियोजित गोष्टींची यादी लांबलचक होती. विक्री पुरेशी होईना, तेव्हा निर्मात्यांनी वर्षभरात काम आवरते घेतले आणि यादीतले बरेचसे न होताच त्या आवृत्तीवर 1.0 असा शिक्का मारला. त्यानंतर स्टीमने निर्मात्यांना बजावले: फारशी विक्री न होताही काम चालू ठेवता येणार नसेल, तर अर्ली ॲक्सेसमध्ये येऊ नका, भविष्यातल्या गोष्टींची ठोस वचने देऊ नका. म्हणजे बांधले गेले ते वचन देणे. काम पूर्ण करण्याची जबाबदारी मोकळीच राहिली.

जून 2015 मध्ये स्टीमवर परताव्याचा नियम आला: खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असेल तर पैसे परत. पूर्ण गेमसाठी हा नियम चांगलाच आहे. अर्ली ॲक्सेसमध्ये मात्र तो गिऱ्हाइकाच्या कामाला येत नाही, कारण इथे माणूस आजच्या गेमसोबत उद्याच्या गेमचेही पैसे मोजतो. तो ‘उद्या’ तीन वर्षांनी फसला, तर परताव्याची मुदत केव्हाच संपलेली असते.

त्यात शब्दाचाच घोळ झाला. महागडी आवृत्ती घेणाऱ्यांना गेम काही दिवस आधी खेळू द्यायचा, या सवलतीलाही मोठे प्रकाशक ‘अर्ली ॲक्सेस’च म्हणू लागले. सप्टेंबर 2023 मध्ये स्टारफील्ड असाच पाच दिवस आधी खुला झाला. एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले: एकात गेम अपुरा म्हणून लवकर, दुसऱ्यात गेम तयार, पण जास्त पैसे म्हणून लवकर. पहिल्या प्रकारात शब्द हा इशारा होता, दुसऱ्यात तो मान झाला. इशाऱ्याची धार बोथट झाली ती इथे. एप्रिल 2024 मध्ये स्टीमने दुसऱ्या प्रकाराला ‘ॲडव्हान्स्ड ॲक्सेस’ असे वेगळे नाव दिले आणि त्यातला खेळण्याचा वेळही परताव्याच्या दोन तासांत धरायला सुरुवात केली. तोवर पुष्कळांच्या मनात दोन्हींची सरमिसळ झालेली होती.

याच काळातले कर्बल स्पेस प्रोग्राम 2 या अवकाशयाने उडवण्याच्या गेमचे उदाहरण मला सर्वांत जास्त लागते. फेब्रुवारी 2023 मध्ये तो अर्ली ॲक्सेसमध्ये आला, किंमत जवळपास 50 डॉलर. पहिले दोन तास यान जोडण्यात आणि ते लाँचपॅडवरून उडवण्यात सहज जातात. मग कक्षेत पोचल्यावर लक्षात येते की इंजिन बंद असतानाही कक्षा आपोआप ढळते आहे, आणि लांबलचक रॉकेट नूडल्ससारखे वळवळते आहे. वातावरणात परतताना यान तापण्याची सोयच नव्हती. ती डिसेंबर 2023 मध्ये आली. वसाहती, दुसऱ्या ताऱ्यांपर्यंतचा प्रवास, मल्टिप्लेअर हे सगळे आराखड्यातच राहिले. 2024 मध्ये स्टुडिओ बंद झाला, गेम विक्रीला राहिला.

दरम्यान, 7 डिसेंबर 2023 ला अर्ली ॲक्सेसमध्ये आलेल्या द डे बिफोर या गेमच्या निर्मात्यांनी चारच दिवसांत स्टुडिओ बंद करत असल्याचे जाहीर केले. तिथे निदान घेणाऱ्यांना पैसे परत मिळाले. बाल्डर्स गेट 3 ऑक्टोबर 2020 मध्ये पहिल्याच अंकासह विकायला काढला होता आणि ऑगस्ट 2023 मध्ये तो उत्तम अवस्थेत पूर्ण झाला, हेही खरे. पण ती निर्मात्यांची सचोटी आणि त्यांच्याकडचा पैसा. त्या विभागाच्या नियमांनी ते घडवलेले नाही.

फेब्रुवारी 2025 पासून, वर्षाहून अधिक काळ हात न लागलेल्या अर्ली ॲक्सेस गेमच्या पानावर स्टीम एक सूचना दाखवते: शेवटचा अपडेट इतक्या महिन्यांपूर्वीचा आहे, निर्मात्यांनी दिलेली माहिती आणि वेळापत्रक आता लागू नसू शकते. खरेदीचे बटण त्याच पानावर चालू असते.