अल्डाब्राच्या किनाऱ्यावरचा कचरा कुणाचा?

बेटावरच्या किनाऱ्याला प्लास्टिकचा खच पडलेला दिसला की लोक सरसकट म्हणतात, स्थानिक बेशिस्त आणि पर्यटक बेफिकीर. सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाबाबत हे साफ चुकीचं आहे.

१९८२ पासून जागतिक वारसा असलेलं हे प्रवाळबेट राजधानीच्या माहे बेटापासून हजारेक किलोमीटर दूर आहे. तिथे वस्ती नाही, हॉटेल नाही. असतात ती संशोधन केंद्रातली मोजकी माणसं. तरीही २०१९ मध्ये स्वयंसेवकांनी पाच आठवडे राबून सुमारे २५ टन कचरा उचलला. आणखी पाचशेच्या आसपास टन पडून असल्याचा अंदाज निघाला.

त्यात होतं काय? वजनाच्या ८३ टक्के मासेमारीचं सामान: गुंता झालेले दोर, जाळ्यांचे तुकडे. त्यांत महाकाय कासवंही अडकतात, हे फार क्लेशदायक आहे. ७ टक्के तर नुसत्या रबरी चपला! हा माल हिंद महासागरातल्या ट्यूना बोटींकडून आणि दूरदूरच्या किनाऱ्यांवरून प्रवाहाबरोबर येतो.

सगळं साफ करायचा खर्च सुमारे ४७ लाख डॉलर. जेमतेम लाखभर वस्तीच्या देशाने तो एकट्याने का सोसायचा? जाळी टाकून जाणाऱ्या मासेमारी उद्योगाकडूनच तो वसूल व्हायला हवा.